एअरसॉफ्ट बंदुकीची सफाई आणि वंगण : नवख्यांना वारंवार पडणारे प्रश्न

एअरसॉफ्ट म्हणजे स्प्रिंग, बॅटरी किंवा गॅसच्या जोरावर ६ मिमीचे छोटे छर्रे उडवणारी खेळातली बंदूक. नवी बंदूक घेतली की पहिली चूक होते ती तेलाची. कमी नव्हे, जास्त तेलाची. एका जागी घातलेलं तेल तिथेच राहत नाही; हवेच्या झोताबरोबर, छर्र्याला चिकटून ते पुढे सरकतं आणि जिथे अजिबात नको तिथे जाऊन बसतं. त्यामुळे खालची बरीचशी उत्तरं तेल कुठे घालायचं यापेक्षा कुठे जाऊ द्यायचं नाही याबद्दल आहेत.

सफाईला बसण्याआधी बंदूक रिकामी कशी करायची?

आधी मॅगझिन काढा. मग बंदूक सुरक्षित दिशेला धरून दोन-तीन बार टाका. मॅगझिन निघालं म्हणजे बंदूक रिकामी झाली असं वाटतं, पण एक छर्रा हॉप-अपच्या (छर्र्याला फिरकी देणाऱ्या, कमी-जास्त करता येणाऱ्या भागाच्या) रबरात बसलेला असू शकतो आणि इलेक्ट्रिक बंदुकीत मॅगझिनच्या वाटेवर आणखी दोन-चार अडकून राहतात. इलेक्ट्रिक बंदुकीचा शेवटचा बार एकेरी मोडवर टाका, म्हणजे स्प्रिंग सैल अवस्थेत थांबते. त्यानंतरच बॅटरी सोडवा. हा क्रम उलटा झाला तर आत राहिलेला छर्रा आतच राहतो.

गॅस पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबरमध्ये वरून बघा. नळीच्या तोंडाला डोळा लावू नका, बंदूक रिकामी असल्याची खात्री असली तरीही. हे सगळं होईपर्यंत छर्रा अडवणारा संरक्षक चष्मा डोळ्यांवर हवाच. नंबरचा किंवा उन्हाचा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही.

सामान काय काय लागतं?

६ मिमी नळीत जाणारी, टोकाला लांबट खाच असलेली प्लास्टिकची सळई. धागे न सोडणारं मऊ सुती कापड किंवा पातळ मायक्रोफायबर. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ७० टक्के चालतं, ९० च्या वरचं लवकर उडतं म्हणून जास्त सोयीचं. शुद्ध सिलिकॉन तेलाची बारीक तोंडाची बाटली. सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी. कानात घालायच्या कापसाच्या काड्या, जुना मऊ टूथब्रश, आणि सुटे भाग ठेवायला कडा असलेला ट्रे किंवा ताटली. सुरुवातीला एवढं पुरे.

खऱ्या बंदुकांच्या सफाई संचातले तांब्या-पितळेचे तारेचे ब्रश आणि बंदुकीच्या दारूचं किटण काढणारी द्रावणं घेऊ नका. ते ब्रश पीळ असलेल्या पोलादी नळीतली काजळी खरवडण्यासाठी असतात. एअरसॉफ्टची नळी आतून आरशासारखी गुळगुळीत असते, बहुधा पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. तिच्यावर ओरखडा उठला की तो कायमचा.

नळी आतून नेमकी कशी पुसायची?

छर्र्याचा व्यास साधारण ५.९५ मिमी आणि आतल्या नळीचा ६.०१ ते ६.०८ मिमी. म्हणजे दोहोंतला फरक जेमतेम एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा फटीत धुळीचा थर किंवा तेलाचा एक ओघळही छर्र्याची दिशा बदलायला पुरतो.

आधी सळई किती आत न्यायची ते ठरवा. हॉप-अप पूर्ण वाढवा आणि कापड न लावलेली प्लास्टिकची सळई नळीच्या तोंडातून अगदी सावकाश आत सरकवा. आत रबराचा उंचवटा लागला की मऊ, स्पंजासारखा अडथळा बोटांना जाणवतो. तिथे थांबा आणि सळईवर नळीच्या तोंडाशी रंगीत चिकटपट्टी लावा. आता हॉप-अप शून्यावर आणा आणि संपूर्ण सफाईभर तो तिथेच राहू द्या. पुसताना चिकटपट्टी तोंडापासून एक सेंटिमीटर बाहेर असतानाच थांबायचं. ही खूण एकदा केली की त्या बंदुकीसाठी कायमची कामाला येते.

कापडाची दोन-अडीच सेंमी रुंद आणि आठ-दहा सेंमी लांब पट्टी कापा. ती खाचेतून ओवून टोकावर अशी गुंडाळा की सळईचं टोक कुठूनही उघडं दिसणार नाही. त्यावर अल्कोहोलचे तीन-चार थेंब टाका. कापड दमट हवं. पिळल्यावर थेंब पडत असेल तर ते हॉप-अपपर्यंत वाहणार. बंदुकीचं तोंड किंचित खाली झुकवून धरा, सळई आत सारा आणि हळूहळू फिरवत बाहेर ओढा. पुढे-मागे घासत बसू नका, त्याने मळ आत ढकलला जातो.

पहिली पट्टी राखाडी-काळी निघेल. प्रत्येक फेरीला नवी पट्टी किंवा पट्टीची नवी बाजू घ्या. साधारण तिसऱ्या-चौथ्या फेरीला कापड पांढरं राहतं. मग दोन फेऱ्या पूर्ण कोरड्या कापडाच्या. शेवटी काहीही लावायचं नाही, नळी कोरडीच सोडायची.

सळई जोर लावून ढकलावी लागत असेल तर कापड जाड झालंय. लगेच बाहेर काढून थोडं कातरा. नवख्यांच्या हातून सर्वांत जास्त होणारा घोटाळा म्हणजे नळीत अडकलेली चिंधी. तसं झालंच तर सळई एकाच दिशेने फिरवत बाहेर ओढा. चिंधी सुटून आत राहिली तर बार टाकून ती उडवायचा प्रयत्न मुळीच करू नका; नळी काढून दुसऱ्या टोकाने ढकला.

नळी बाहेर काढून पुसावी का?

जमत असेल तर तोच उत्तम मार्ग, कारण मग हॉप-अप बाजूला काढून चेंबरच्या टोकापासून तोंडाकडे पुसता येतं. एम-४ रायफलीच्या धाटणीच्या बहुतेक इलेक्ट्रिक बंदुकांत पुढची पिन ढकलली की वरचा भाग पुढे सरकून सुटतो आणि हॉप-अपसकट आतली नळी मागून बाहेर येते. बहुतेक गॅस पिस्तुलांत स्लाइड थोडी मागे नेऊन स्लाइड-स्टॉपची खिट्टी काढायची, मग स्लाइड पुढून निघते.

एम-४ मध्ये हॉप-अपला पुढून एक छोटी स्प्रिंग असते. तिच्यावर लक्ष ठेवा. ती हॉप-अपला मागे, नोझलकडे (छर्र्यामागे हवा सोडणाऱ्या तोटीकडे) दाबून धरते. जोडताना विसरली तर नोझल आणि रबर यांच्यात फट राहते, हवा गळते आणि छर्रा अर्ध्या वाटेत पडतो. पिना कोणत्या बाजूने निघाल्या त्याचा सुटं करतानाच फोनवर फोटो काढून ठेवा.

किती दिवसांनी सफाई करायची?

दिवस मोजू नका, छर्रे मोजा. इलेक्ट्रिक आणि स्प्रिंग बंदुकीची नळी २,००० ते ३,००० छर्र्यांनंतर. गॅस बंदुकीची ५०० ते १,००० नंतर, कारण बहुतेक ग्रीन गॅसमध्ये (या बंदुकांत भरायच्या बाटलीतल्या गॅसमध्ये) थोडं सिलिकॉन तेल मिसळलेलं असतं आणि प्रत्येक बाराबरोबर त्याचे सूक्ष्म कण नळीत येतात. धुळीत किंवा चिखलात खेळ झाला तर आकडा विसरून त्याच दिवशी.

कोरी बंदूकही पहिल्या बाराआधी पुसायची. कारखान्यातून येताना नळीत गंजरोधक तेल किंवा ग्रीस राहिलेलं असू शकतं. पहिल्याच दिवशी छर्रे वेडेवाकडे जातात म्हणून बंदूक खराब निघाली असं ठरवण्याआधी नळी पुसून बघा.

हॉप-अपला तेल लागलं तर काय होतं?

हॉप-अपचं रबर नळीच्या छताकडून छर्र्यावर किंचित दाबतं आणि त्याला मागच्या बाजूने फिरकी देतं. त्या फिरकीमुळे छर्रा हवेत उचलला जातो आणि लांब, सरळ जातो. हे सगळं रबराच्या पकडीवर अवलंबून आहे. पकड तेलाने सुटली की एक छर्रा फिरकी घेतो, दुसरा घेत नाही. एक वर उसळतो, पुढचा वीस पावलांवर जमिनीला लागतो. बंदुकीची ताकद मोजली तर तेवढीच भरते, म्हणून दोष कुठे आहे ते पटकन उमगत नाही.

थोडंच लागलं असेल तर हॉप-अप शून्यावर ठेवून नळी कोरड्या कापडाने पुसा आणि तीस-चाळीस छर्रे उडवा. बरेचदा तेवढ्याने तेल निघून जातं. नाही गेलं तर रबर बाहेर काढा, कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून बोटांनी चोळून धुवा, साध्या पाण्याने साबण पूर्ण घालवा आणि सावलीत वाळू द्या. उष्ण हवेच्या यंत्राने वाळवू नका. अल्कोहोलमध्ये रबर भिजत घालायचं नाही; पुसण्यापुरतं ठीक.

परत बसवताना रबराचा उंचवटा बरोबर नळीवरच्या खिडकीसमोर यायला हवा. तो केसभर जरी तिरका बसला तरी छर्रे सातत्याने डावीकडे किंवा उजवीकडे वळतात. बंदुकीत घालण्याआधी, सुट्या नळीतून उजेडाकडे बघत हॉप-अप हळूहळू वाढवा: उंचवटा छताच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उतरताना दिसला पाहिजे. एका अंगाला कललेला दिसला तर पुन्हा काढून बसवा. या दोन मिनिटांत टाळाटाळ करू नका.

कोणतं तेल चालतं? घरात गंज सोडवायचा स्प्रे आहे, तो मारू का?

नको. डब्ल्यूडी-४० सारखे स्प्रे पाणी हटवायला आणि गंजलेला स्क्रू सोडवायला असतात. त्यातलं पेट्रोलियम द्रावण काही प्रकारची रबरं फुगवतं, काही प्लास्टिकवरही परिणाम करतं, आणि उडून गेल्यावर मागे राहणाऱ्या चिकट थरावर धूळ बसते. शिलाई मशीनचं तेलही पेट्रोलियमचंच. ते बाहेरच्या पोलादी स्क्रूला चालेल, रबर असलेल्या कोणत्याही भागाजवळ नाही. खाण्याचं तेल हवेत घट्ट होऊन चिकट राळ बनतं, त्याचा विचारही नको.

ओ-रिंग (हवा-गॅस अडवणाऱ्या रबरी कड्या), गॅसचे व्हॉल्व्ह, स्लाइड यांच्यासाठी शुद्ध सिलिकॉन तेल. रिमोट कंट्रोलच्या खेळण्यातल्या गाड्यांच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये घालतात ते ३० वजनाचं सिलिकॉन तेल उत्तम चालतं, कारण त्यात द्रावण नसतं. स्प्रेच्या डब्यातलं सिलिकॉन घेणार असाल तर त्यावर पेट्रोलियम द्रावण नसल्याचं लिहिलेलं बघा, आणि ते थेट बंदुकीवर न मारता कापडावर किंवा कापसाच्या काडीवर मारून मग लावा.

एक बारकावा: सिलिकॉन रबर सिलिकॉन तेल शोषून फुगतं. बंदुकीतल्या बहुतेक काळ्या ओ-रिंग नायट्राइल रबराच्या असतात, त्यांना काही होत नाही. पण तुम्ही वेगळ्या, सिलिकॉनच्या ओ-रिंग घातल्या असतील तर त्यांना हे तेल लावू नका.

पोलादी गिअरच्या दातांना लिथियम ग्रीस. सिलिकॉन तेल तिथे फार पातळ पडतं, दाबाखाली टिकत नाही.

गॅस पिस्तुलात नेमके किती थेंब, कुठे?

स्लाइड काढा आणि जुनं काळं झालेलं वंगण कापसाच्या काड्यांनी आधी पूर्ण पुसून घ्या. त्यावरच नवं घातलं तर घासून निघालेल्या धातूच्या कणांचा लेप तयार होतो आणि तो स्लाइड झिजवतो.

फ्रेमवर स्लाइड ज्या छोट्या कडांवरून धावते त्या प्रत्येकीवर एक बारीक थेंब, बोटाने पसरून. बाहेरच्या नळीवर जिथे घासल्याची चकाकी दिसते तिथे पुसट थर. हॅमर (आतला हातोडा) आणि सिअर (चाप ओढेपर्यंत त्याला अडवणारा खटका) जिथे एकमेकांवर सरकतात तिथे टाचणीच्या डोक्याएवढं ग्रीस. नोझल बोटाने पुढे ओढून त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून एक थेंब, मग दहा वेळा पुढे-मागे. नोझलच्या तोंडाला मात्र काही लागता कामा नये. तिथलं तेल पुढच्याच बाराला सरळ हॉप-अपमध्ये जातं.

जोडून झाल्यावर स्लाइड पंधराएक वेळा ओढा आणि कडेला आलेलं तेल पुसून टाका. बोट फिरवल्यावर निसरडं लागावं, पण बोटाला ओघळ येऊ नये.

मॅगझिनमधून गॅस गळतो. टाकून द्यायचं का?

इतक्यात नाही. गळती बहुतेकदा सुकलेल्या ओ-रिंगमुळे असते. आधी उघड्या, हवेशीर जागी जा. ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन, तो पेट घेतो. जवळपास ज्योत, सिगारेट, ठिणगी काही नको. रिकामं मॅगझिन उलटं धरून भरायच्या व्हॉल्व्हमध्ये सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब टाका. मग बाटली वर आणि मॅगझिन खाली, दोन्ही उभ्या रेषेत ठेवून गॅस भरा. आडवं धरून भरलं तर द्रव आत उतरत नाही, नुसती वाफ जाते. भरल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा, म्हणजे तेल रबरात मुरतं.

तरीही फुसफुस ऐकू आली तर गळतीची जागा शोधा. मॅगझिन पाण्यात बुडवा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. भरायच्या व्हॉल्व्हमधून येत असतील तर तो योग्य चावीने किंचित आवळा. मागच्या, म्हणजे गॅस सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून असतील तर बहुधा त्याची ओ-रिंग बदलायची वेळ आली. तळाच्या जोडातून असतील तर तिथलं सील. नंतर मॅगझिन नीट वाळवा, नाहीतर आतल्या छर्र्यांच्या स्प्रिंगला गंज चढतो.

गॅस मोकळा करताना झोत हातावर घेऊ नका. बाहेर पडणारा गॅस इतका थंड असतो की त्वचा गारठून जखम होते. आणि भराभर बार टाकल्यावर मॅगझिन थंड पडून जोर कमी होतो, ती गळती नव्हे. हातात धरून ऊब आली की दाब परत येतो.

सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वापरत असल्यास वेगळं काय?

१२ ग्रॅमच्या कुपीत २० अंश सेल्सिअसला दाब सुमारे ५७ बार (दाबाचं एकक) असतो, ग्रीन गॅसच्या कितीतरी पट. शिवाय सीओटू कोरडा, त्यात तेल नसतं, म्हणून रबरं लवकर सुकतात. दर तीन-चार कुप्यांनी नव्या कुपीच्या मानेवर सिलिकॉनचा एक थेंब ठेवून ती बसवा. स्क्रू एका दमात फिरवा, अर्धवट टोचली तर गॅस बाहेर सुटतो. खेळ संपला की कुपी आत ठेवून निघू नका. आवाज थांबेपर्यंत सावकाश सोडवून काढा. सतत दाबाखाली राहिलेली सीलं चपटी होतात.

ग्रीन गॅसच्या मॅगझिनमध्ये सीओटू कोणत्याही अडॅप्टरने घालू नका.

इलेक्ट्रिक बंदुकीचा गिअरबॉक्स उघडून ग्रीस लावू का?

पहिल्या वर्षी तरी नको. १९९१ मध्ये टोक्यो मारुईने पहिली अशी इलेक्ट्रिक बंदूक आणली तेव्हापासून मूळ रचना तीच आहे: मोटर तीन गिअर फिरवते, शेवटचा गिअर पिस्टनला मागे ओढतो, सोडलेल्या स्प्रिंगने पिस्टन पुढे येऊन हवा ढकलतो. हे सगळं बंद कवचात असतं, धूळ सहसा आत जात नाही, आणि कारखान्यातलं ग्रीस हजारो बार टिकतं. उघडताना स्प्रिंग सुटून भाग उडतात. जोडताना एखादी कागदाएवढी पातळ चकती चुकीच्या गिअरवर गेली तर पहिल्या काही बारांतच दात मोडतात.

बाहेरून फटींमध्ये स्प्रे मारणं त्याहून वाईट. तेल चापाच्या विद्युत संपर्कांवर जातं, ठिणगीने जळून काळा थर होतो आणि एक दिवस चाप ओढून काही होत नाही.

किर्र असा नवा आवाज, धातू घासल्याचा खडखडाट, नळी स्वच्छ असूनही उतरलेली ताकद, यांपैकी काही दिसलं तर जाणकाराच्या शेजारी बसून उघडा. तेव्हा प्रमाण लक्षात ठेवा: गिअरच्या दातांच्या खाचा दिसत राहतील एवढंच लिथियम ग्रीस, सिलिंडरच्या आत बोट फिरवून चमक येईल एवढंच सिलिकॉन ग्रीस. जास्तीचं ग्रीस पहिल्या शंभर बारांत भिंतीवर फेकलं जातं आणि थोडं नोझलमधून पुढे निघतं.

हाताने खेचायच्या स्प्रिंग बंदुकीला काय करायचं?

सिलिंडर जिथे बाहेरच्या कवचात सरकतो तिथे सिलिकॉन ग्रीसचा पुसट थर, पिस्टनच्या ओ-रिंगला तसाच, आणि सिअरला टाचणीच्या डोक्याएवढं. खेचायचा बोल्ट करकरतो म्हणून आत तेल ओतू नका. करकर बहुधा वाळूच्या कणाची असते, आधी पुसून बघा.

छर्रा नळीत अडकला तर?

पुन्हा बार टाकून तो निघत नाही, मागे आणखी एक जाऊन बसतो. मॅगझिन काढा, बॅटरी सोडवा, हॉप-अप शून्यावर आणा, आणि नळीच्या तोंडातून सळईने छर्रा हलकेच मागे ढकला. तो मॅगझिनच्या वाटेने खाली पडतो. गॅस पिस्तुलाची स्लाइड मागे अडकवून ठेवा म्हणजे वाट मोकळी राहते. फुटलेला छर्रा निघाला तर त्याचे तुकडे मोजा, जुळवून बघा; राहिलेली कपची पुढच्या बाराला नळी ओरबाडते.

जमिनीवरचे छर्रे उचलून परत वापरू नका. धुतले तरी त्यांवरचे चरे जात नाहीत. जैवविघटनशील छर्रे दमट हवेत फुगतात, म्हणून ते मॅगझिनमध्ये भरून आठवडेच्या आठवडे ठेवायचे नाहीत. आणि मॅगझिनच्या छर्र्यांच्या वाटेला तेल नको: ते छर्र्यावर, छर्र्यावरून रबरावर जातं.

सफाईनंतर नेमच बिघडला. काय चुकलं?

तीन गोष्टी तपासा, याच क्रमाने. हॉप-अप शून्यावर आणला होता, तो परत जुळवला का? नळीत अल्कोहोल किंवा तेल ओलं राहिलंय का? रबर तिरकं बसलंय का? ताकद उतरली असेल तर हॉप-अपची ती छोटी स्प्रिंग आठवा. वेग मोजायचं यंत्र असेल तर सफाईच्या आधी आणि नंतर एकाच वजनाचे दहा-दहा छर्रे उडवून आकडे लिहून ठेवा. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने गेला तर ऊर्जा १ जूल. सरासरीइतकंच महत्त्व दहा आकड्यांतल्या फरकाला आहे. तो अचानक वाढला तर कुठेतरी हवा गळतेय.

बंदूक पावसात भिजली.

बॅटरी ताबडतोब बाहेर. बाहेरून पुसा, जेवढी सुटी होते तेवढी करा, नळी कोरड्या कापडाने पुसा आणि पंख्याच्या वाऱ्यात एक दिवस ठेवा. हेअर ड्रायर लावलाच तर थंड हवेवर. पोलादी स्क्रू, पिना आणि नळीच्या बाहेरच्या भागावर तेलाचा हात लावलेलं कापड फिरवा. पूर्ण वाळेपर्यंत बॅटरी जोडू नका.

अल्कोहोलने बंदुकीवरची रंगीत अक्षरं पुसली जाऊ शकतात, पारदर्शक प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात. चष्म्याच्या काचेला ते लावूच नका, धुकं न येण्याचा लेप जातो. तिथे साधं पाणी आणि मऊ कापड.

काही महिने वापरणार नाही. कशी ठेवू?

नळी पुसून, हॉप-अप शून्यावर, स्प्रिंग सैल. ग्रीन गॅसच्या मॅगझिनमध्ये एक-दोन सेकंद भराल एवढा थोडासा गॅस राहू द्या, म्हणजे सीलं आपल्या जागी दाबलेली राहतात. पूर्ण भरून ठेवू नका. सीओटूचं मॅगझिन रिकामं. लिथियम पॉलिमर बॅटरी बंदुकीबाहेर, प्रत्येक सेलला सुमारे ३.८ व्होल्टवर, न जळणाऱ्या डब्यात. गॅसच्या बाटल्या आणि भरलेली मॅगझिन उन्हात तापणाऱ्या गाडीत कधीही ठेवू नका. बंदूक हवाबंद पेटीत घालण्याआधी पेटीतला फोम कोरडा आहे का ते हाताने दाबून बघा, आणि दोन महिन्यांनी एकदा मॅगझिनच्या व्हॉल्व्हमध्ये सिलिकॉनचा एक थेंब टाका.